घरच्या घरी रचलेले भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि अडलेल्या प्रसंगाचा निकाल फासा देतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा पहिला छापील खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. खेळाडू तेव्हापासूनच स्वतःचे राक्षस, मंत्र, नियम रचत आले. त्यांना मोकळी वाट मिळाली ती या खेळाच्या नियमांसाठी २००० मध्ये आलेल्या मुक्त परवान्याने. २०२३ मध्ये नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला. श्रेय दिले की तो कोणत्याही भाषेत वापरता येतो, विकताही येतो. मराठीसाठी ही मोठीच संधी आहे.

नागपुरातल्या लकडगंजच्या लाकूडबाजारात रात्री चकवा लागतो, असा प्रसंग सहज रचता येईल: वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडले तर वाट सापडते, नाहीतर पात्र सागवानाच्या थप्प्यांभोवतीच घुटमळत राहते.

असे लिखाण जमवणारा ऑनलाइन गट सुरू करताना खेळून पाहिलेली दोन-तीन साहसे आधीच तयार हवीत. रिकाम्या गटात कोणी काही टाकत नाही. प्रत्येक रचनेसोबत लेखकाचे नाव आणि परवाना असावा. अनोळखी टेबलावरून आलेला अभिप्राय सर्वांत मोलाचा, कारण लेखकाने मनात गृहीत धरलेले, पण कागदावर न आलेले नियम तिथेच उघडे पडतात.