लहरी पंख्याची तफावत

मुलाच्या गाडीतला एसीचा पंखा लहरी आहे, असे घरात सर्वांचे मत. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी सुरू केली की तो गर्जतो, मग मवाळ होतो आणि एखाद्या वळणावर उगाच उसळतो. गॅरेजवाल्याने मोटर बदलायला सांगितली. मंडळी, मोटर निर्दोष आहे!

'ऑटो'वर आपण वेग ठरवत नाही, फक्त २४ अंश मागतो. मागितलेले आणि असलेले यांतली तफावत मोठी, तितका पंखा जोरात. (तफावत म्हटले की आम्हा बँकवाल्यांच्या पोटात अजून गोळा येतो.) आतली हवा मोजणारा सेन्सर बहुधा डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागे असतो, ती धुळीने तुंबली, तर हिशेब खरोखर चुकतो. पुष्कळ गाड्यांत समोरच्या काचेपाशी एक काळी टिकली असते, ती ऊन मोजते. वळणावर ऊन समोर आले की हवा तापण्याआधीच पंखा सावध होतो. आपण नेमका तिच्यापुढे गणपती बसवतो. मग गाडीला भर दुपारी ढगाळ वाटते!

तापलेल्या गाडीत १६ अंश लावून गारवा लवकर येत नाही, कारण पंखा आधीच पूर्ण वेगात असतो. थंडीत उलट. हीटर लावला तरी इंजिनाचे पाणी तापेपर्यंत तो बहुधा गप्पच, गार झोत अंगावर नको म्हणून.