दोन घरांची मुले आणि एका बाईचा पगार

तालुक्याच्या गावी नवराबायको दोघेही शाळेत नोकरीला, घरात दीड वर्षाचे मूल, आणि आजी दूर खेड्यावर. अशी दोन बिऱ्हाडे शेजारी असली की दोघांची मुले सांभाळायला मिळून एक बाई ठेवतात. सोय चांगली आहे. मुलाला सोबत मिळते, आईच्या जिवाचा घोर जातो. पण महिना भरला की प्रश्न येतो : बाईला द्यायचे किती, आणि कोणी किती?

बहुतेक ठिकाणी सोपा हिशेब होतो. समजा, एका घरी बाई 8,000 रुपये घेत होती. आता घरे दोन झाली, तेव्हा द्या प्रत्येकी 4,000! दोन्ही घरांचा खर्च निम्म्यावर आला. पण बाईचे काय झाले? भरवायची तोंडे दोन, धुवायची दुपटी दुप्पट. एकाला जरा झोपवावे तर दुसऱ्याने रडून त्याला उठवावे. काम वाढले, पैसा मात्र तेवढाच.

आपला गावचा गुराखी आठवा. तो गुरामागे पैसे घेतो. शेजाऱ्याची म्हैस कळपात आली, आता माझ्या गाईची राखण निम्मी कर, असं त्याला कोणी म्हणत नाही. (मुलांना गुरांच्या पंक्तीला बसवले म्हणून मातांनी रागावू नये, बरं का!)

मग दोन्ही घरांनी पुरे 8,000 द्यावेत काय? तसे केले तर मिळून बाई ठेवण्यात घरांचा फायदा काय राहिला? शिवाय बाईचे लक्षही दोन मुलांत वाटले जाते. माझ्या मते एका घराच्या पगाराची दीडपट रास्त. म्हणजे बाईला 12,000, प्रत्येक घराचे 6,000. घराचे 2,000 वाचतात, बाईला 4,000 जास्त मिळतात.

वेळ सारखी नसेल तर तासांवर जावे. महिन्याचे 25 दिवस, रोज 8 तास, तर 8,000 रुपयांत तासाला 40 रुपये पडतात. एक मूल 8 तास असते, दुसरे त्यांतले 5 तास. पहिले एकटे असते त्या 3 तासांचे 120 रुपये पहिल्या घराचे. दोघे असतात ते 5 तास 60 रुपयांच्या दराने. त्याचे 300, प्रत्येकी 150. पहिल्या घराचे महिन्याला 6,750, दुसऱ्याचे 3,750.

खरी अडचण बदलीच्या वेळी येते. एक बिऱ्हाड उठले की बाईची कमाई एका रात्रीत अर्धी होते. म्हणून जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगावे, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा. आणि राहणाऱ्याने पुढे एका घराचा पुरा दर, 8,000, द्यावा. मे महिन्यात आपण गावी जातो, तेव्हाही पगार कापू नये. आपल्याला सुट्टीचा पगार मिळतोच ना?

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. बाईची नोंदणी त्याखाली जरूर करून द्यावी. पण कोणत्या घराने किती वाटा उचलावा, हे त्या कायद्यात सापडणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

हे सारे पहिल्याच दिवशी वहीत लिहावे, दोन्ही घरांनी सही करावी, एक प्रत बाईला द्यावी. तिला वाचता येत नसेल तर तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला बोलावून तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी.