घरगुती अग्निशमन आणि नळजोडणी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०११ पासून एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांत स्वयंचलित तुषारयंत्रणा बंधनकारक आहे. आगीच्या उष्णतेने छताजवळची त्या जागेवरील तोटी तेवढी उघडते. सर्व तोट्या एकदम सुटतात, हा चित्रपटांनी पसरविलेला गैरसमज होय. या तोट्यांना पाणी बहुधा घराच्या नेहमीच्या नळजोडणीतूनच मिळते. त्यामुळे जलमापकाचा आकार केवळ स्वयंपाक-स्नानाच्या गरजेवरून ठरविता येत नाही. दोन तोट्या साधारणतः दहा मिनिटे चालतील इतका प्रवाह व दाब लागतो. खरा पेच थकबाकीचा आहे. पाणीपट्टी न भरल्यामुळे जोडणी तोडली, तर पिण्याच्या पाण्याबरोबर आगीपासूनचे संरक्षणही संपते, आणि भाडेकरूस याची जाणीव क्वचितच असते. जलमापकाच्या आधीच तुषारयंत्रणेसाठी वेगळी शाखा काढलेली असल्यास मात्र मापकाची झडप बंद करूनही ती चालू राहते.