गंगाबलचा ट्राउट आणि पिसांची माशी

सोनमर्गहून निघायचं आणि विशनसर, कृष्णसर, गडसर, सत्सर ही सरोवरं मागे टाकत नारानागला उतरायचं, हा काश्मीरचा ट्रेक पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांच्या आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. त्यातलं शेवटचं मोठं पाणी म्हणजे गंगाबल. हरमुख शिखराच्या पायथ्याशी, ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर पसरलेला हा तलाव सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. बहुतेक जण इथे एक रात्र काढतात, फोटो काढतात आणि सकाळी उतरणीला लागतात. काही मित्रमंडळी मात्र उलट्या बाजूने, थेट नारानागहून चढून येतात. उंची अंगवळणी पडावी म्हणून ती वाटेत एक मुक्कामही करतात. त्यांच्या सामानात चार तुकड्यांत सुटणारी काठी, एक रीळ आणि पिसांच्या बारीक माश्यांनी भरलेली डबी असते. ही मंडळी आलेली असतात ब्राऊन ट्राउट या माशासाठी.

कोकणात खाडीकाठी गरी टाकून गरवायला बसणाऱ्याला काठी नवीन नाही, पण फ्लाय फिशिंगची रीत त्याला उफराटी वाटेल. नेहमीच्या गरवण्यात आमिषाचं आणि शिशाचं वजन दोरीला ओढत दूर नेतं. इथे आमिष म्हणजे पिसं बांधलेला इवलासा गळ, म्हणजेच ‘माशी’, ग्रॅमभरही वजन नसलेली. ती हाताने भिरकावली तर दोन हातांवरच पडेल. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. या जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोरीचे क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतात. ट्राउटसाठी सर्रास वापरली जाणारी ५ क्रमांकाची दोरी या ३० फुटांत साधारण ९ ग्रॅम भरते.

साधारण ९ फुटांची काठी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत सरळ होते आणि तिच्या ओढीने काठी वाकते. नेमक्या त्या क्षणी काठी पुढे आणून थांबवायची. आसूड उडवावा तशी दोरीची कमान पुढे धावते, उलगडते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकते. दोरी आणि माशी यांच्यामध्ये निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा असतो, त्यामुळे जाड दोरी माशापासून दूर पडते. नवखा माणूस हमखास घाई करतो. दोरी मागे पूर्ण उलगडायच्या आत तो काठी पुढे आणतो आणि सगळा गुंता त्याच्याच खांद्यावर कोसळतो. ताकदीचं काम इथे थोडंच असतं, सगळी मदार थांबण्यावर असते.

पिसांची माशी बांधणं ही स्वतंत्र कारागिरी आहे. ट्राउट पाण्यातल्या आणि पाण्यावरच्या किड्यांवर जगतो. चिलटांच्या अळ्या, मेफ्लाय, कॅडिस, वाऱ्याने पाण्यात पडलेले मुंगळे आणि टोळ हे त्याचं खाणं. त्यांची नक्कल गळावर दोरा, लोकर, केस आणि पिसं गुंडाळून केली जाते. मोरपिसाचे चमकदार तंतू किड्याच्या अंगासाठी जगभर वापरतात. जुन्या ब्रिटिश माश्यांमध्ये आणखी एक भारतीय पीस हटकून दिसतं. ते म्हणजे सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं, मेणासारखा ठिपका असलेलं पीस. या पिसाच्या मागणीचा भार रानातल्या पक्ष्यावर पडत होता. भारतातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्येच बंदी आली, आणि आज ब्रिटनमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरली जातात.

तलावाचा ट्राउट नदीच्या ट्राउटपेक्षा वेगळा वागतो. नदीत प्रवाह खाणं आणून देतो, म्हणून मासा एखाद्या दगडाआड प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. तलावात त्याला खाण्यामागे हिंडावं लागतं. काठाजवळचं उथळ, हिरवट पाणी जिथे एकदम गडद निळं होतं, त्या कडेने तो फेऱ्या घालतो. बर्फाचं वितळलेलं पाणी जिथे तलावात शिरतं आणि तलावाचं पाणी जिथून खालच्या नुंदकोल तलावाकडे निघतं, ती दोन्ही तोंडं त्याच्या आवडीची. वाऱ्याने किडे ज्या काठाकडे लोटले जातात, तिथेही तो येतो.

म्हणूनच जाणती मंडळी आल्या आल्या काठी जोडत नाहीत. ती आधी पाणी बघत बसतात.

मित्रांची सोबत इथे खरी कामाला येते. एक जण उंच खडकावर चढतो. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा असला की पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि तळाच्या खडकांवरून सरकणारी सावली दिसते. तो वरून सांगतो, ‘डावीकडे, दोन काठ्या पुढे, तुझ्याकडेच येतोय.’ खालचा मित्र गुडघ्यांवर वाकूनच माशी टाकतो. त्याला कारण आहे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. त्या खिडकीच्या अगदी काठाशी, खूप खाली राहिलेली वस्तू त्याला धड दिसत नाही. उभा माणूस मात्र दिसतो, आणि मग मासा खोल पाण्यात नाहीसा होतो. बाकीचे मित्र बाजूला आणि अंतर राखून बसतात, कारण मागे जाणाऱ्या दोरीच्या टोकाला गळ असतो. टोपी आणि चष्मा इथे उन्हापासून वाचण्याइतकेच गळापासून वाचण्यासाठीही लागतात.

हा सगळा खेळ उभा आहे तो थंड पाण्यावर. पाणी जितकं थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. शून्य अंशाजवळच्या एक लिटर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८.३. ब्राऊन ट्राउट साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात मनसोक्त खातो, २० अंशांच्या पुढे त्याची तगमग सुरू होते आणि पंचविशी गाठली की जिवावर बेततं. महाराष्ट्रातल्या धरणांत ट्राउट का नाही, याचं उत्तर याच आकड्यांत आहे. आपल्याकडे नद्यांचा मानकरी मासा खडस, म्हणजेच महाशीर. रायगड जिल्ह्यातल्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून या माशांना कोणी हात लावत नाही, आणि लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने त्यांची पैदास केली.

ट्राउट तरी काश्मीरचा कुठे आहे? तो युरोपातून आला. महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत, १८९९ मध्ये, बेडफर्डच्या ड्यूकने पाठवलेली अंडी लांबच्या प्रवासात वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी त्यात पुढाकार घेतला होता. हारवन आणि दाचीगामच्या थंड पाण्यावर पिल्लं वाढली आणि तिथून काश्मीरच्या नाल्यांत आणि उंचावरच्या सरोवरांत ती सोडली गेली. साहेबांच्या शिकारीच्या हौसेतून आलेला मासा शंभर वर्षांत तिथला होऊन गेला.

या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. काश्मीरच्या नद्यांत आधीपासून आपले स्वतःचे मासे होते. शिझोथोरॅक्स गटातल्या या माशांना इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण ट्राउटशी त्यांचं नातं नाही. ते आपल्या रोहू-कटल्याच्या गोतातले. ब्राऊन ट्राउट लहान मासे आणि पिल्लं खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात ब्राऊन ट्राउटचं नाव आहे. नव्या पाण्यात तो सोडताना आता दहादा विचार करायला हवा.

आणि तरीही गंगाबलच्या माशाला जपावंच लागतं. इतक्या उंचीवर तलाव वर्षातले कित्येक महिने गोठलेला असतो. खायचे दिवस थोडे, म्हणून वाढ मंद. त्यातही ब्राऊन ट्राउट स्थिर पाण्यात अंडी घालत नाही. शरद ऋतूत तो वाहत्या झऱ्याच्या वाळू-खड्यांत घर करतो, म्हणजे सरोवराची सगळी पुढची पिढी दोन-चार ओहोळांवर अवलंबून असते. म्हणूनच हंगाम उन्हाळ्यापुरता असतो, आणि ट्राउटच्या पाण्यात जाळं टाकायला मनाई आहे. मत्स्य खात्याचा परवाना काढून घ्यावा लागतो.

मासा सोडून द्यायचा तर त्याचीही रीत आहे. गळाचा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात पाण्यात भिजवायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच धरून, पटकन. आभाळ गडगडू लागलं की काठी खाली ठेवून काठापासून दूर व्हायचं. आजकालच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. हरमुखच्या भोवती दुपारचं आभाळ बघता बघता भरून येतं.

ट्राउट ताटात हवाच असेल तर त्याची सोय खाली खोऱ्यात आहे. अनंतनाग जिल्ह्यात कोकरनागच्या झऱ्यांवर १९८०च्या दशकात युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने मोठं ट्राउट केंद्र उभं राहिलं. तिथे प्रामुख्याने रेनबो ट्राउट वाढवतात, आणि खोऱ्यातल्या खासगी शेतकऱ्यांनीही झऱ्याचं पाणी वळवून सिमेंटच्या हौदांत ही शेती सुरू केली आहे. गंगाबलहून उतरलेले मित्र श्रीनगरला परतल्यावर जो तळलेला ट्राउट मागवतात, तो याच हौदांतून आलेला असतो.