प्रोसेसरची उष्णतामर्यादा आणि आभासी वास्तव : एटापल्लीच्या उन्हाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकीय खेळांत वापरले जाणारे आभासी वास्तवाचे तंत्र आता केवळ करमणुकीपुरते उरलेले नाही. शरीररचनेच्या अध्यापनापासून खाणीतील अवजड वाहनांच्या चालकांना प्रशिक्षण देण्यापर्यंत ते जगभर वापरले जाते. सूरजागडची लोहखाण ज्या तालुक्यात आहे, त्या एटापल्लीला हा दुसरा उपयोग परका वाटू नये. मात्र अशी साधने ज्या तपशीलपत्रकावरून खरेदी केली जातात, त्यात प्रोसेसरचा वेग ठळकपणे छापलेला असतो. तो वेग किती तापमानाच्या खोलीत टिकतो, याची वाच्यता क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या बाबीचा विचार केला आहे.

उष्णतेचे गणित

ट्रान्झिस्टर लहान करताना विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरविल्यास चिपच्या एकक क्षेत्रफळातील शक्तिव्यय वाढत नाही, असे आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले. सुमारे तीस वर्षे संगणक उद्योग या नियमावर पोसला गेला. पुढे विद्युतगळतीमुळे दाब आणखी उतरविणे कठीण झाले. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला आणि त्याचा नियोजित वारसदार २००४ मध्ये रद्द करण्यात आला. चिपचा शक्तिव्यय ढोबळमानाने वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणून दोन्ही १५ टक्क्यांनी कमी केल्यास व्यय सुमारे ३९ टक्क्यांनी घटतो. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो, तो याच हिशेबाने.

आता बाहेरच्या हवेकडे वळू. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. चिपची मर्यादा १०० अंश सेल्सियस धरल्यास २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांचा फरक मिळतो, ४५ अंशांत केवळ ५५. म्हणजे त्याच पंख्याने सुमारे २७ टक्के कमी उष्णता बाहेर जाते.

मोबाइलची स्थिती याहून बिकट आहे. त्याला पंखा नसतो आणि तो हातात धरायचा असल्याने त्याचे आवरण ४५ अंशांपलीकडे तापू देता येत नाही. मोबाइलच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस सेंटिमीटर असते. स्थिर हवेत प्रतिचौरस मीटर, प्रतिअंश सुमारे १० वॅट उष्णता निघते असे धरल्यास २५ अंशांच्या हवेत त्याला सतत ४.८ वॅट खर्च करता येतात. ४० अंशांच्या हवेत जेमतेम १.२. हवाच ४५ अंशांची असेल तर काहीच नाही. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातील मे महिन्याची दुपार याच सीमेवर असते. आयफोनसाठी त्याच्या निर्मात्याने सांगितलेली वापराची कमाल मर्यादाही ३५ अंश आहे. चार्जिंग चालू ठेवून खेळ खेळणे म्हणजे या तुटपुंज्या शिलकीत बॅटरीच्या उष्णतेचीही भर घालणे होय.

आभासी वास्तवाची विशेष अडचण

साध्या पडद्यावरील खेळ मंदावला तर खेळणारा वैतागतो, एवढेच. डोक्यावर चढविलेल्या उपकरणात मात्र शरीरच तक्रार करते. प्रतिसेकंद ९० चित्रे दाखवायची तर प्रत्येकासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. मान वळल्यापासून दृश्य बदलेपर्यंतचा काळ सुमारे २० मिलिसेकंदांपेक्षा वाढला की अनेकांना मळमळते. प्रोसेसरने उष्णतेमुळे वेग उतरविला की हीच मुदत चुकते. हुकलेल्या चित्राच्या जागी आधीचेच चित्र मानेच्या कोनानुसार सरकवून दाखविण्याची युक्ती आहे. ती डोके वळविण्यापुरती बरी, पण जवळच्या हलत्या वस्तू अडखळतातच.

त्यामुळे उन्हाळ्यात ९० ऐवजी ७२ चित्रांचा दर निवडल्यास मुदत १३.९ मिलिसेकंदांवर जाते आणि प्रोसेसरला कमी वारंवारतेवर काम भागविता येते. चित्राची सूक्ष्मता उतरविल्यानेही भार हलका होतो. प्रात्यक्षिके सकाळच्या सत्रात घेण्यास तर खर्चही नाही. खरेदीपूर्वीची चाचणी मात्र वातानुकूलित दालनातील पाच मिनिटांच्या प्रदर्शनावर उरकू नये. ज्या वर्गात उपकरण वापरायचे तेथेच, मे महिन्यात दुपारी, सलग अर्धा तास ते चालवून चित्रांचा दर नोंदवावा.