दम पुरत नाही की उरतो?

खाडीकाठच्या पोराला पोहायला शिकवणे म्हणजे कोळणीला बोंबील ओळखायला शिकवण्यासारखेच! तरीही हा उद्योग मी कशेळीत राहून करतो, आणि त्याला कारणही तसेच आहे.

ठाण्याहून भिवंडीला जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की आमची कशेळी लागते. आता रस्त्याच्या कडेला गोदामेच गोदामे दिसतात. पण इथल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांनी पहिले हातपाय मारले ते खाडीतच. मान वर, नजर समोर, आणि ओहोटीची ओढ तिरपी कापत पलीकडे जायचे. समोरची होडी दिसावी, खारे पाणी तोंडात जाऊ नये, म्हणून मान वर ठेवणे तिथे शहाणपणाचेच होते. आज ते पाणी पोहण्याजोगे राहिलेले नाही. पोरे ठाण्याला तरणतलावावर जातात, तिथली फ्रीस्टाइल पाहून तसेच हात फिरवतात, आणि पंचवीस मीटरांत धापा टाकीत कठडा धरतात.

"काका, दम पुरत नाय!" माझा पुतण्या कुरकुरला.

"अरे, पुरत नाही की उरतो?" मी विचारले.

प्रश्न थट्टेचा नव्हता. आपल्याकडे प्राणायामाचे तीन भाग घरोघर ठाऊक आहेत: पूरक, कुंभक आणि रेचक. नवशिका भरपूर पूरक करतो, पाण्यात तोंड घालताच कुंभक करून बसतो आणि रेचक साफ विसरतो. छाती भरलेलीच असते, तरी जीव घाबरा होतो. कारण श्वासाची तलफ मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने येते. मग तोंड बाहेर आल्यावर जुनी हवा टाकायची आणि नवी घ्यायची, ही दोन्ही कामे क्षणभरात उरकावी लागतात. ती कशी उरकणार? निम्मी शिळी हवा आतच राहते.

म्हणून तोंड पाण्यात असेतोवर नाकातोंडाने बुडबुडे सोडीत राहावे. सावकाश, पण अखंड. मी पोरांना कमरेएवढ्या पाण्यात उभे करतो, कठडा धरायला लावतो आणि तोंड बुडवून 'हूं' असा सूर धरायला सांगतो. सूर चालू असला की नाकात पाणी शिरत नाही. मग मान बाजूला, श्वास आत, पुन्हा 'हूं'. असे वीस वेळा. पोरांना हा प्रकार फार कंटाळवाणा वाटतो. वाटो!

दुसरी गोष्ट, मान उचलायची नाही, वळायचे. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि अंग पाण्यात आडव्या फळीसारखे अडते. झोपेत कूस बदलावी तसे खांद्यापासून कमरेपर्यंत सगळे अंग वळावे. एक डोळा पाण्यातच राहिला तरी चालेल. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे गालापाशी पाण्यात खळगा पडतो. त्या खळग्यातून हवा घ्यायची. त्या बाजूचा हात मांडीपाशी पोचत आला की वळावे, आणि तो हवेतून पुढे पडण्याआधी तोंड पुन्हा पाण्यात.

दर दोन हातांनी श्वास घ्यावा की तीन? तिसऱ्या हाताला घेतला की बाजू आपोआप आलटूनपालटून येते, अंग एकीकडे कलत नाही. पण दमछाक होत असेल तर खुशाल दोनांवर यावे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे 2018 च्या आशियाई स्पर्धेतले 50 मीटरचे कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले. अशा शर्यतीतले जलतरणपटू जवळजवळ श्वास न घेताच पोहतात, कारण मान वळवण्याइतकाही वेळ त्यांना परवडत नाही. त्यांची नक्कल आपण करू नये. पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या 2018 मध्ये पुऱ्या केल्या. तासन्‌तासाचे ते पोहणे कोंडलेल्या दमावर होत नसते.

कोंडलेल्या दमाची एक पैज मात्र मी मुळीच चालू देत नाही. बुडी मारून खाली कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. त्यासाठी पोरे आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा धुऊन निघतो. मग 'वर ये' असा इशारा शरीर वेळेवर देतच नाही, आणि चांगला पोहणारा पोरगा पाण्याखाली निमूटपणे बेशुद्ध होतो. ना हातपाय झाडणे, ना हाक. पैजेची चाहूल लागली की मी काठावरून ओरडतो. पोरे मला खवट म्हातारा म्हणतात, म्हणोत बापडी.