भरे : अभयारण्य आणि आयटी पार्कच्या मधलं गाव

पौड रस्त्याने पुणे सोडलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावं ओळीने शहर होत चाललेली दिसतात. पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाटा. ताम्हिणीचे धबधबे बघायला निघालेली मंडळी फाट्यावरून सरळ पौडकडे जातात. मुळशी तालुक्यातलं भरे मात्र उजवीकडे, मुळेच्या काठाला. शेजारी घोटावडे, अंबडवेट, कासारआंबोली. डोंगराच्या पलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क. बघण्यासारखं काय, असं विचारलं तर भातखाचरं, नदी, उन्हाळ्यात पिवळे पडणारे डोंगरउतार आणि जागोजागी प्लॉटिंगचे फलक. सहलीला यावं असं यात काहीच नाही. तरीही पश्चिम घाटातल्या वन्यजीवांचं काय होणार याचा अंदाज घ्यायचा, तर ताम्हिणीपेक्षा इथे यावं असं मला वाटतं.

९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी मागे लागली, तो तासन् तास धावत राहिला आणि शेवटी पकडल्यावर मेला. पुढच्या दोन आठवड्यांतच बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी लांब ठेवली गेली आणि तो डोंगराकडे परत गेला. ‘गवा वाट चुकला’ असं तेव्हा सगळे म्हणाले. पण सह्याद्रीची मुख्य रांग आणि कोथरूडच्या टेकड्या यांच्या मधे मुळशीचेच डोंगर आहेत. तरस, भेकर, साळिंदर, रानडुक्कर, बिबट्या यांचा वावर याच डोंगर-ओढ्यांमधून चालतो. आपण ज्याला वाट चुकणं म्हणतो, ती त्यांची रोजची वहिवाट असते.

कायद्याचं लक्ष मात्र या पट्ट्याच्या एका टोकाकडे आहे. पश्चिमेला ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्र ४९.६२ चौरस किलोमीटर, म्हणजे एखादा बिबट्या सहज बाहेर पडेल एवढंच. त्याभोवती पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा घोळ चालू आहे. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. त्यानंतर केंद्राने एकामागून एक मसुदेच काढले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. खाणी, दगडखाणी, प्रदूषण करणारे लाल श्रेणीतले उद्योग, ५० हेक्टरांवरच्या वसाहती यांना त्यात मनाई आहे. पण कस्तुरीरंगन गटाने हिशोब गावनिहाय धरला : ज्या गावाचं २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील, ते गाव यादीत. मग प्रत्येक राज्याचा, प्रत्येक आमदाराचा जोर एकाच गोष्टीवर, आपलं गाव यादीतून काढा. यादीतल्या गावाला वाटतं आपण अडकलो, बाहेरच्याला वाटतं आपण सुटलो. दोन गावांच्या शिवेवरून जाणाऱ्या ओढ्याचा विचार यात कुठे बसत नाही.

मधल्या गावांचं भवितव्य वन विभागाच्या कचेरीत ठरत नाही. ते ठरतं सातबाऱ्यावर, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) झोनमध्ये आणि रस्ते विकास महामंडळाच्या मोजणीत. पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिम भाग उर्सेपासून वरवेपर्यंत जातो. मुळशीत त्याची आखणी घोटावडे, भरे, कासारआंबोली, उरवडे याच पट्ट्यातून आहे. रुंदी ११० मीटर. संमतीने जमीन देणाऱ्याला २५ टक्के जादा मोबदला ठरला, म्हणून घराघरांत भाव, वाटे आणि बहिणींच्या हक्कसोडाची चर्चा सुरू झाली. ती व्हायलाच हवी, जमीन त्यांची आहे. पण बिबट्याने, तरसाने हा रस्ता कुठून ओलांडायचा, हा प्रश्न त्या चर्चेत कोण काढणार? जुन्नर-शिरूरमध्ये बिबट्याने माणसं मारली, तेव्हा तो निवडणुकीचा विषय झाला. मुळशीत अजून तेवढं झालेलं नाही, म्हणून इथला बिबट्या कुणाच्या भाषणात येत नाही.

निसर्गाच्या नावाने कुणी सरकारी कागद घेऊन आलं की इथला शेतकरी सावध होतो. त्यामागे इतिहास आहे. १९२१ मध्ये याच तालुक्यात, याच मुळेच्या वरच्या अंगाला, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून त्यावर वीज होते, ती मुंबईकडे जाते. नंतर डोंगरांतलं लवासा शहर आलं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने त्याचं काम थांबवलं आणि वर्षभरात अटी घालून परवानगीही दिली. एवढं पाहिलेल्या माणसाला ‘तुमच्या डोंगरावर बंधन’ हे शब्द कसे ऐकू येतील? त्यात भात पोटरीत असताना रानडुकरं खाचर उलथून टाकतात आणि भरपाईसाठी पंचनाम्याच्या मागे हेलपाटे घालावे लागतात. शहरात बसून त्याला सहजीवन शिकवणाऱ्यांनी पावसाळ्यात एक रात्र माळ्यावर राखण करून बघावी.

एक साधन मात्र गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा देशभर नोंदवह्या भरण्याची धावपळ झाली. घाईत भरलेल्या वहीत झाडांची, पक्ष्यांची नावं सहज येतात. तरस कोणत्या ओढ्याने उतरतो, भेकराला कुठल्या बांधावर पाणी मिळतं, कुठे पूर्वी जनावर दिसायचं आणि आता कुंपण पडलं, हे गुराख्याला आणि कातकऱ्याला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही. रिंगरोडखालच्या मोऱ्या कुठे आणि किती रुंद ठेवायच्या, हे ठरवायला अभियंत्याला नेमकी तीच माहिती लागते. ती सर्व्हे नंबरासकट वहीत उतरवून ग्रामसभेच्या ठरावाने पुढे पाठवायला कुठल्याही मसुद्याची वाट पाहावी लागत नाही.